हाकेवाडीचा वाघ आणि अधिकातले जावई

उस्मानाबाद जिल्ह्याला नावं ठेवायचा अधिकार आपल्याला आहे, असं श्रीपतराव गाडेकर मानत आणि तो अधिकार ते रोज बजावत. नळाला पाणी नाही, एसटीला वेळ नाही, पावसाला लाज नाही, हे सगळं ते जिल्हा परिषदेत हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून, पान लावता लावता, मोकळ्या मनानं बोलत. पण हेच बाहेरच्या माणसानं बोललं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत. त्यातून तो बाहेरचा माणूस स्वतःचा जावई असला तर फारच पंचाईत. जावयाला उलट उत्तर देता येत नाही, आणि न दिलेलं उत्तर श्रीपतरावांना पचत नसे.

जावई मच्छिंद्रराव सांगलीकडचे, सरकारी दूध डेअरीत सुपरवायझर. माणूस सरळ, निर्व्यसनी, मिताहारी. फक्त कृष्णाकाठी जन्मल्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. बोलण्यावरून वाटे की नदी त्यांच्या घरच्यांनीच खणली असावी. त्या साली ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं आणि पुण्य जोडायचं, म्हणून दोघांना बोलावणं गेलेलं. आल्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून, टँकरपुढची घागरींची रांग बघत मच्छिंद्ररावांनी विचारलं, "मामा, तुमच्याकडं बघण्यासारखं असं काय आहे हो?"

प्रश्न साधा होता, पण श्रीपतरावांनी हातातल्या पानाला चुना दोनदा लावला. त्याचं कारण असं, की मच्छिंद्ररावांची बदली व्हायची होती. उस्मानाबादचं दूध शीतकरण केंद्र घेता की नगरचं, असं वरून विचारलं होतं आणि उत्तर सोमवारी कळवायचं होतं. गुलाब श्रीपतरावांची एकुलती एक लेक. लग्न होऊन सांगलीला गेल्यापासून घर कसं खायला उठायचं. गुलाबच्या आईनं, तारामतीबाईंनी, महिनाभर देव पाण्यात घातले होते. श्रीपतराव देवाबिवाचं उघड बोलत नसत, पण ऑफिसातून घरी आल्यावर अजूनही चपला काढता काढता "गुलाब" अशी हाक त्यांच्या तोंडून जायची. लेक जवळ यावी, एवढी एकच गोष्ट त्यांना या जन्मात आता हवी होती. आणि ती गोष्ट आता या जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, या प्रश्नावर येऊन अडकली होती.

बातमी आळीत फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या इरम्मांनी नळदुर्गचा किल्ला सुचवला. त्यावर मच्छिंद्ररावांनी तिथल्या धबधब्याला सध्या पाणी आहे का, एवढंच विचारलं आणि किल्ल्याचं नाव मागं पडलं. तुळजापूर तीनदा झालं होतं. तेरला जुनी खापरं आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, खापरं सांगलीतही फुटतात. शेवटी समोरचे गोरोबाकाका धावून आले. गोरोबाकाका पुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, आणि ज्या गावी ते गेले नाहीत त्या गावाची त्यांना जास्त माहिती असे.

"हाकेवाडीला न्या की त्यांना," ते म्हणाले. "येडशीच्या पुढं, डोंगराला. हैदराबादच्या राजेसाहेबाचा शिकार-बंगला हाय तिथं. आता त्याचं म्युझियम केलंय. पेंढा भरलेला वाघ हाय, अस्वल हाय, बेल्जमचा आरसा हाय. काय इंतजाम हाय म्हणून सांगू."

"वाघ?" मच्छिंद्रराव पहिल्यांदाच ताठ बसले. "वाघ मी अजून पाहिला नाही. शाळेत असताना सर्कशीला गेलो, तर त्या दिवशी तो आजारी होता. जाऊ या मामा. पण गेलो तर वाघ नीट, पूर्ण बघूनच येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपतराव ठेवणीतला टेरिकॉटचा सदरा घालून लेक-जावयाबरोबर निघाले. तारामतीबाई घरीच राहिल्या. संध्याकाळच्या जेवणासाठी त्यांनी पुरणाची डाळ शिजत घातली होती आणि वाटेत जावयाला काही अबरचबर खाऊ घालू नका, अशी ताकीद दिली होती. मच्छिंद्ररावांना बाहेरचं खाल्लेलं सोसत नसे. खिशात हिंगाष्टक चूर्णाची बाटली घेतल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पडत नसत.

फाट्यावर एसटीतून उतरून, उन्हात डोंगराची वाट तुडवून तिघं हाकेवाडीला पोचले. बंगला खरंच देखणा होता. दगडी जोतं, उंच कमानी, वर कौलं. श्रीपतरावांची छाती भरून आली. "बघा," ते म्हणाले, "याला म्हणतात बांधकाम." आणि त्यांनी दार ढकललं.

आत दुधाच्या कॅनची उतरंड होती. एका टेबलावर फॅट मोजायच्या नळ्या मांडलेल्या. भिंतींवर ओळीनं मोठेमोठे खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली रंगवलेली पाटी: सांबर, काळवीट, राजेसाहेबांची बंदूक, वाघ (नर). पाट्या होत्या, खिळे होते, खिळ्यांवर मात्र काही नव्हतं. वाघाच्या पाटीपुढं रिकामा लाकडी चौथरा होता आणि त्यावर एक मांजर झोपलेलं.

मच्छिंद्ररावांनी मांजराकडं पाहिलं, मग पाटीकडं, मग सासऱ्याकडं.  

तेवढ्यात मागच्या दारानं एक माणूस हात पुसत आला. तो दूध सोसायटीचा सेक्रेटरी वीरभद्र. तोच म्युझियमचाही सेक्रेटरी निघाला.

"म्युझियम बगायला आलाव?" त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. "बसा बसा. लई दिसांनी कुणीतरी आलं बगा."

"म्युझियम कुठं आहे?" श्रीपतरावांनी आवाजात जिल्हा परिषद आणून विचारलं.

"गावात हाय."

मग त्यानं खुलासा केला. राजेसाहेबांच्या काळी हाकेवाडीकरांचं काम हाका घालायचं. ढोल बडवत, पत्र्याचे डबे वाजवत रानातला वाघ मचाणाकडं हाकून आणायचा, मग राजेसाहेब वरून गोळी घालणार. त्यामुळं गावाचं म्हणणं पहिल्यापासून एकच, की वाघ राजानं मारला खरा, पण आणला आमी. सरकारनं बंगल्याचं म्युझियम करायचं ठरवलं तेव्हा गावानं अर्ज दिला की जनावरं आमच्या बापजाद्यांच्या घामाची आहेत, सबब म्युझियम आमच्या ताब्यात द्यावं. ते दिवस असे होते की दोन माणसं एकत्र उभी राहिली की त्यांची सोसायटी होई. त्याप्रमाणं 'हाकेवाडी शिकार-बंगला वस्तुसंग्रहालय सहकारी संस्था मर्यादित' निघाली आणि घरटी एक सभासद झाला. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. बंगल्यात चाऱ्याचा डेपो आला, वस्तू ठेवायला जागा राहिली नाही, म्हणून त्या सभासदांच्या घरी तात्पुरत्या ठेवल्या. डेपो गेला, दूध सोसायटी आली, वस्तू तात्पुरत्याच राहिल्या.

"पर समद्या जाग्यावर हायत," वीरभद्र म्हणाला. "घरोघर फिरून दावतो की. आमचं म्युझियम जरा ऐसपैस हाय, इतकंच."

पहिलं घर केशरबाईंचं. केशरबाई एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडं सांबराची शिंगं होती. भिंतीला ठोकलेल्या त्या भव्य शिंगांच्या एका टोकाला शेवयांची परडी, दुसऱ्याला कांद्यांची माळ आणि मधल्या टोकांवर गोधड्या होत्या. मच्छिंद्ररावांनी शिंगं निरखली. श्रीपतरावांना वाटलं, ठीक, सुरुवात वाईट नाही. आणि मग पाहुण्याची ओळख करून द्यावी म्हणून ते जे वाक्य बोलले, त्याची किंमत त्यांना दिवसभर मोजावी लागली.

"हे आमचे जावई," ते म्हणाले.

केशरबाई जागच्या जागी थांबल्या. "जावई? अधिकात?" त्यांनी पदर सारखा केला. "आन मंग उंबऱ्यावर का हुबं केलाव त्यास्नी? आत या जावईबापू. मला लेक न्हाय बगा. भाच्यासाठी धोंडं केलं हुतं, त्यो मेला आलाच न्हाय. म्या म्हनलं औंदा पुण्य काय नशिबात न्हाय. आन बगा, देवानं दारात धाडला."

"अहो पण ते आमचे जावई आहेत," श्रीपतराव म्हणाले.

"मंग काय झालं? तुमी काय त्यास्नी कुलपात ठिवलंय?"

पाट मांडला गेला. लेक-जावई शेजारी बसले. धोंड्यांवर तुपाची धार पडली. मच्छिंद्ररावांनी केविलवाण्या नजरेनं सासऱ्याकडं पाहिलं, पण श्रीपतराव त्याच वेळी स्वतःसाठी पाट कुठं मांडतात ते बघत होते. तो कुठंच मांडला जात नव्हता. धोंडा जावयाचा असतो, सासऱ्याचा नाही. केशरबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि सावलीला बसा म्हणून सांगितलं.

तिथून पुढं जे झालं त्याला सेक्रेटरी वीरभद्र जबाबदार नव्हता, केशरबाईही नव्हत्या. गावच तसं होतं. ज्यांना लेक नव्हती त्यांना अधिकातला जावई हवा होता. ज्यांना लेक होती, पण जावई पुण्याला गिरणीत होता, त्यांनाही हवा होता. ज्यांचे जावई येऊन जेवून गेले होते त्यांचं म्हणणं, केशरबाईच्या घरी खाल्लं आणि आमच्या घरी का नाही? गल्लीत शिरण्याआधीच पुढच्या घरातून पुरण वाटल्याचा आवाज येऊ लागला. ज्या गावात एवढ्या गोष्टी सहकारी तत्त्वावर चालत होत्या, तिथं जावई तरी खाजगी मालकीचा कसा राहणार?

विठाबाईंच्या अंगणात राजेसाहेबांचा न्हाणीचा टब होता, चांगला चिनी मातीचा, सिंहाच्या पायांचा. त्यात टँकरचं पाणी भरून वर गोणपाट झाकलेलं. "राजा ह्यात नुस्ता पाय सोडून बसायचा म्हनं," विठाबाई म्हणाल्या. "केवढं पानी नासायचा मुडदा. बसा जावईबापू." तिथं धोंडे. बेल्जमचा आरसा न्हाव्याच्या ओसरीत होता, तिथं धोंडे. झुंबर मारुतीच्या देवळात होतं. तिथं तरी काही नसेल असं वाटलं, तर पुजाऱ्याची बायको ताट घेऊन मारुतीपुढंच उभी.

अस्वल बौद्धवाड्यात, शाळेतल्या कांबळे गुरुजींच्या घरी होतं. दारातच दोन पायांवर उभं, एका पंजावर गुरुजींची छत्री आणि दुसऱ्यावर पिशवी. त्यांच्या पत्नी मालनबाई हसतच बाहेर आल्या. "भिऊ नगासा. आमच्याकडं अधिक-बिधिक काय नसतं."

मच्छिंद्ररावांचा चेहरा उजळला. चूर्णाची बाटली त्यांनी खिशात परत ठेवली.

"पर दारात आलेला पावना असाच कसा धाडायचा?" मालनबाई म्हणाल्या आणि कांदाभज्यांची परात पुढं आली. भजी धोंडा नव्हेत, त्यांना नातं लागत नाही, म्हणून या एका घरात श्रीपतरावांपुढंही बशी येईल असा रंग होता. ती आलीही. पण त्यांनी पहिलं भजं उचललं तोच वीरभद्र म्हणाला, "चला, वाघ बगून घेऊ, दूध घालायची येळ होती." आणि मच्छिंद्रराव 'वाघ' हा शब्द ऐकताच इतक्या घाईनं उठले की सगळेच उठले. श्रीपतराव एक भजं हातात घेऊन बाहेर पडले. तेही दारातल्या बोकडानं नेलं.

वाघाजवळ आल्यावर मात्र वीरभद्राचा उत्साह कमी झाला. "तेचं काय हाय," तो मान खाजवत म्हणाला, "आदी मुंडकं बगाचं का धड?"

"म्हणजे?" मच्छिंद्रराव थबकले.

वस्तू वाटल्या तेव्हा वाघ कुणी ठेवायचा यावरून वाद झाला होता. गुंडाप्पाचा बाप हाक्याला डाव्या अंगाला होता, कल्याणप्पाचा उजव्या. वाघ नेमका कुणाच्या बापानं वळवला, याचा निकाल चाळीस वर्षांत लागला नव्हता. दोघांनी वाघ धरला, दोघांनी ओढला. मुंडकं गुंडाप्पाच्या हातात आलं आणि धड कल्याणप्पाकडं राहिलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सोसायटीच्या निवडणुकीत मुंडकं पॅनेल आणि धड पॅनेल असे दोन तट होते, आणि सध्या गुंडाप्पा चेअरमन असल्यानं मुंडक्याची सत्ता होती.

"वेगवेगळं बगा की," वीरभद्र म्हणाला. "समदं म्युझियम तसंच बगितलाव न्हवं?"

मच्छिंद्रराव चालायचे थांबले. पोटात आठ घरचं पुरण, डोक्यावर ज्येष्ठाचं ऊन. ते सावकाश बंगल्याच्या पायरीशी गेले, वहाणा काढल्या आणि खाली बसले.

"मला वाघ पूर्ण बघायचाय," ते म्हणाले. "तोवर मी कुणाच्या घरी पाण्यालाही शिवणार नाही. गुंडाप्पांच्याही नाही आणि कल्याणप्पांच्याही नाही."

 जावई रुसला होता. जावयाचा रुसवा ही आपल्याकडं राज्यघटनेच्या आधीची तरतूद आहे, आणि तिच्यावर अपील नाही. लग्नात मच्छिंद्रराव रुसले नव्हते, तेव्हा श्रीपतरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. तो शिल्लक राहिलेला रुसवा आता असा निघत होता, त्यांच्याच जिल्ह्यात, सोमवार तोंडावर आलेला असताना. त्यांना डोळ्यांपुढं नगरचा रस्ता दिसू लागला. त्यांनी लेकीकडं पाहिलं. गुलाब नवऱ्याच्या शेजारी पायरीवर शांत बसली होती आणि पदरानं वारा घेत होती.

"गुलाब, तू तरी सांग की त्यांना," ते कुजबुजले.

"मी कशाला सांगू अण्णा? बरोबरच आहे त्यांचं. मलाही पूर्णच बघायचाय."

पण श्रीपतराव एक गोष्ट विसरले होते. रुसवा फक्त त्यांनाच बाधत नव्हता. अधिक महिन्यात जावई उपाशी रुसून बसलाय, म्हणजे तो आठ घरांतून जेवला असला तरी, ही बातमी गावात पोचली आणि हाकेवाडी हादरली. जोडलेलं सगळं पुण्य उलटणार. केशरबाई काठी टेकत गुंडाप्पाच्या दारात गेल्या, तिथून कल्याणप्पाच्या. दोन्हीकडं त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, पण त्यांची काठी आपटल्याचा आवाज मारुतीपर्यंत आला. थोड्या वेळानं डावीकडच्या गल्लीतून गुंडाप्पा निघाले, डोक्यावर टोपली, टोपलीत वाघाचं मुंडकं, जबडा उघडा. उजवीकडून कल्याणप्पा निघाले, खांद्यावर बाजेसकट चादरीत गुंडाळलेलं धड. बाजेचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर, मागचं त्यांच्या बायकोच्या, तुळजाबाईंच्या. दोघा पुढाऱ्यांनी एकमेकांकडं न बघता आपापला माल चौथऱ्यापाशी आणला. मांजर उठून गेलं.

कल्याणप्पांनी चादर ओढली, आणि बघतात तर बाजेवर वाघ नव्हता. नुसतं कातडं होतं. पाठीचे पट्टे होते, चार पाय होते, शेपूट होती, आणि पोट मात्र रिकाम्या पोत्यासारखं खाली बसलेलं.

"पेंढा कुठं गेला?" गुंडाप्पा आठ वर्षांनी कल्याणप्पाशी बोलले.

"मला काय ठावं? म्या तर कुलपात ठिवला हुता," कल्याणप्पाही बोलले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हनलं हलका लागतोय, वाळला आसंल."

 मग तुळजाबाई पुढं आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट ओढला.

"म्या काडला," त्या म्हणाल्या. "बहात्तर साली. गाय व्यायला झाली हुती. डेपोतला चारा पुरंना, घरात काडी न्हाय. ती माझ्याकडं बगायची आन मला भाकर गिळंना. ह्येची मान उगडीच हुती. रोज मूठ मूठ काडला आन तिला घातला. कुलपाची चावी माझ्याच कमरंला हुती."

गुंडाप्पांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते एकदम मांडीवर थाप मारून हसू लागले. "आरं कल्याणप्पा, तुज्या वाघाला गाईनं खाल्लं की रं!"

आख्खा गाव हसला. कल्याणप्पांनी मान खाली घातली. श्रीपतरावांना त्या माणसाची फार दया आली. घरच्या माणसांपुढं, बाहेरच्यांपुढं, सगळ्यांसमक्ष इभ्रत जाणं म्हणजे काय, हे त्या दिवशी त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

पण तुळजाबाई हटल्या नाहीत. "हासा," त्या गुंडाप्पांना म्हणाल्या. "ती गाय व्याली तवा समद्या गावात तिचाच एक खरवस हुता. घरटी वाटी दिली म्या. तुमच्या बी घरला दिली, भाऊजी. तुमची सून बाळंतीण हुती, तिनं त्याच गाईच्या दुदावर दुस्काळ काडला. आता बोला, वाघ कुनी खाल्ला?"

हसणं थांबलं. गुंडाप्पा आपल्या टोपलीतल्या मुंडक्याकडं बघत राहिले. हसू त्यांच्या मिशांत तसंच अडकलं होतं, पण डोळे भरून आले होते.

तेव्हा मच्छिंद्रराव पायरीवरून उठले आणि तुळजाबाईंपुढं येऊन उभे राहिले. 

"मावशी," मच्छिंद्ररावांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "ती गाय एका वेळेला दूध किती द्यायची?"

"पाच शेर. वाळला पेंढा खाऊन."

"पाच शेर," मच्छिंद्रराव म्हणाले. "आमच्या कृष्णाकाठी हिरवा मका खाऊन साडेचार देतात." आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच ते मनापासून हसले.

त्यानंतर कामाला रंग चढला. गोणपाट शिवायचं दाभण आणि सुतळी केशरबाईंनी आणली. पोटात भरायला काय, हा प्रश्न होता, कारण त्याही उन्हाळ्यात कडबा सोन्याच्या भावानं चालला होता. पण गुंडाप्पांनी घरून पेंडी आणली आणि पहिली मूठ स्वतः कोंबली. मग घराघरातून मूठ मूठ येत गेली. मालनबाई भज्यांची परातच भरून पाचट घेऊन आल्या. कल्याणप्पांनी धड धरलं, गुंडाप्पांनी मुंडकं टेकवलं, केशरबाईंनी टाके घातले. मान थोडी तिरकी बसली. त्यामुळं वाघ समोरच्याचं म्हणणं नीट ऐकू न आल्यासारखा कान देऊन उभा होता. पण उभा होता, आणि पूर्ण होता. मच्छिंद्ररावांनी त्याला भोवती फिरून, वाकून, पोटाखालून, शेपटीकडून बघितलं. मग गुंडाप्पांच्या घरी एक धोंडा खाल्ला, कल्याणप्पांच्या घरी एक, आणि बाटलीतलं उरलेलं चूर्ण एका दमात तोंडात टाकलं.

आता अडचण एकच राहिली. जोडलेला वाघ ठेवायचा कुठं? बंगल्यात कॅन होते. गुंडाप्पाच्या घरी ठेवायला धड पॅनेलची हरकत, कल्याणप्पाच्या घरी ठेवायला मुंडकं पॅनेलची, शिवाय त्यांच्या घरी गाय होती. पुन्हा आवाज चढू लागले. तेव्हा केशरबाई म्हणाल्या, "ज्याच्यासाटी जोडला त्याला द्या. जावई ना ह्या पॅनेलचा, ना त्या. आन अधिकात जावयाला रिकाम्या हातानं धाडत न्हाईत."

"ठराव मांडतो," गुंडाप्पा म्हणाले.

"माजं अनुमोदन," कल्याणप्पा म्हणाले, आणि ते म्हणून गेल्यावर दोघांनाही आश्चर्य वाटलं.

वीरभद्र खाकरला. "पर उपविधी हाय. संस्थेची वस्तू जिल्ह्याभाईर नेता येत न्हाय. ज्याच्या ताब्यात ती, त्यो जिल्ह्यातच ऱ्हायला पायजे."

सगळ्यांनी मच्छिंद्ररावांकडं पाहिलं. मच्छिंद्रराव वाघाच्या मिशा सरळ करत होते.   श्रीपतरावांना बोलायचं होतं, पण जावयाला चारचौघांत विचारायची रीत नव्हती, म्हणून ते वाघाच्या पाठीवरचं पाचट झटकत राहिले.

फाट्यावर संध्याकाळची एसटी आली तेव्हा निम्मी हाकेवाडी पोचवायला आली होती, ढोल आणि डब्यांसकट. कंडक्टरनं आधी वाघ चढवू दिला नाही. जनावराला परवानगी नाही म्हणाला. मग तो मेलेला आहे कळल्यावर, मयतालाही परवानगी नाही म्हणाला. शेवटी ढोल वाजू लागले, पुढच्या बाकांवरची माणसं दचकून उठली आणि वाघ मधल्या वाटेत उभा राहिला.

गाडी सुटली. गुलाब खिडकीशी, शेजारी मच्छिंद्रराव. श्रीपतराव वाघाला धरून उभे, कारण त्यांची जागा एका म्हातारीनं घेतली होती. भूक, धूळ, टेरिकॉटच्या सदऱ्यावर पाचट. बराच वेळ त्यांनी कळ काढली, आणि मग एकदम, रीतभात सोडून, त्यांनी विचारून टाकलं, "मग बदलीचं काय ठरवलंत?"

"ठरवायला काय ठेवलंय मामा," मच्छिंद्रराव म्हणाले. "वाघ माझ्या नावावर आहे. त्याला घेऊन मला नगरला जाता येत नाही आणि त्याला टाकून जाणं बरं दिसत नाही. सोमवारी उस्मानाबाद कळवतो. घर मात्र जरा मोठं बघा, याला मान वळवायला जागा हवी."

गुलाबनं तोंड खिडकीकडं फिरवलं. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, ते मागून कळत नव्हतं.  जावयाच्या गळ्यात पडायची आपल्याकडं पद्धत नाही. तेवढ्यात गाडी वळणावर कलली. श्रीपतरावांनी दोन्ही हातांनी वाघाच्या गळ्याला मिठी मारली, त्याच्या तिरक्या मानेत तोंड खुपसलं, आणि उस्मानाबाद येईपर्यंत ती मिठी काही सोडली नाही.